दिवेलागणीचं बटण

मंठ्यातले गवंडी सांगतात, की बेबीनंदा नावाची एक बाई अर्धवट बांधकामावर येऊन झोपते. गवंड्यांच्या सांगण्यावर किती विसंबायचं, हे ज्याने एकदा घर बांधलंय त्याला वेगळं सांगायला नको.

होतं असं, की भिंती उभ्या राहिलेल्या असतात, स्लॅब पडलेला असतो, गिलावा व्हायचा असतो, आणि ही बाई येते. एखादं घमेलं उपडं घालते, त्यावर बसते आणि डोळे मिटते. अर्धा तास, तास, कधी दोन तास. गवंडी एकमेकांना खुणा करतात. वाळू चाळणाऱ्या सोनूबाईने एकदा न राहवून तिला हलवलं आणि बरं नाही का म्हणून विचारलं. बेबीनंदा डोळे न उघडताच म्हणाली, "बरी हाये मावशी. जरा राहून बगून राह्यले या घरात."

आणि ती खरोखरच राहत असते. बाहेर सिमेंटची गोणी फाडल्याचा आवाज येत असतो, पण तिच्या मिटल्या डोळ्यांत त्या घरातली पहाट झालेली असते. फरशी बसलेली असते, भिंतींना रंग लागलेला असतो, स्वयंपाकघरात कुणीतरी चहाचं आधण ठेवलेलं असतं. कुणी आधी उठतं, कुणाची चप्पल वाजते, न्हाणीकडे जाताना कुणाचा हात भिंतीवरून चाचपत जातो. त्या हातामागे ती चालते. हात जिथे थांबेल तिथे बटण. मग दुपार होते, ऊन खिडकीतून आत येतं, म्हातारं माणूस जरा कलंडतं, पंखा हळू व्हायला हवा. असा अख्खा दिवस ती त्या कच्च्या विटांमध्ये जगून घेते, आणि डोळे उघडले की वही काढून झरझर रेघा ओढते. गवंड्यांना नेमकी झोपच तेवढी दिसते, त्याला ती तरी काय करणार.

तिचं काम थोडं नवलाईचं आहे. आपले आपण दिवे लावणारी, टाकी भरली की मोटार बंद करणारी, दारात कोण उभं आहे ते मोबाइलवर दाखवणारी घरं आता जालन्यात बरीच झाली. मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावातही ज्यांची पोरं पुण्याला नोकरीला आहेत, त्यांच्या आईबापांना ती हवी झालीत, किंवा पोरांनी ती त्यांना हवीशी करून टाकलीत. असं घर कसं वागावं हे आधी कागदावर मांडावं लागतं. तार कुठून जाईल, सेन्सर कुठे बसेल, काय झालं की काय व्हावं. हा कागद बेबीनंदा काढते.

त्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. आराखडा कुणी केला त्याचं नाव तिथे येतं. आठ वर्षांत बेबीनंदाने साठ-सत्तर घरं मांडली असतील, आणि त्यातल्या एकाही कागदावर त्या चौकटीत तिचं नाव आलेलं नाही. तिथे जालन्याच्या एका ठेकेदाराचं नाव येतं, कारण सर्टिफिकेट त्याच्याकडे आहे. माणूस काही वाईट नव्हे. दिवाळीला साडी पाठवतो, फोनवर ताई म्हणतो. पण एकदा एका घरमालकाने बेबीनंदाच्याच देखत तो कागद उलगडला, कोपऱ्यातलं नाव वाचलं, आणि काय डोकं आहे हो या माणसाचं, असं म्हणाला. बेबीनंदा तेव्हा शिडीवर होती. तिने मान डोलावली आणि हातातली तार पुढे ओढली. त्या दिवसापासून तिला ती चौकट स्वप्नात दिसायला लागली. रिकामी, पांढरी, दाराएवढी मोठी, आणि हिला काही आत जाता येत नाही.

ती मूळची कुंभार पिंपळगावची. बाप कचरू, विजेच्या खांबांसाठी खड्डे खणायच्या रोजंदारीवर होता. गावाला खांब आले, गल्ल्यांना आले, पुढच्या गावाला गेले आणि यांच्या वस्तीला सगळ्यात शेवटी आले. मधल्या त्या वर्षांत लहानगी बेबीनंदा संध्याकाळी वस्तीच्या कडेला दगडावर बसायची आणि गावातले दिवे बघायची. कुठला दिवा कुठल्या खोलीतला, त्याखाली कोण बसलं असेल, काय जेवत असेल, हे तिने मनात रचलेलं असायचं. आई हाका मारून थकायची. पोरगी बसल्या जागी परक्या घरांतून हिंडून येत असे.

बारावीनंतर तिने जालन्याच्या आयटीआयला वायरमनचा फॉर्म भरला. वर्गात ती एकटी मुलगी. सरांनी समजुतीने शिवणकामाचा वर्ग सुचवून पाहिला. तिने तेवढ्याच समजुतीने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पक्कड घेऊन वायरमनच्याच वर्गात जाऊन बसली. पुढे लग्न झालं ते मंठ्याच्या सर्जेरावशी. त्याचं मोटारी भरायचं दुकान. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उसवायची आणि नवी गुंडाळायची, हे काम माणसाला शांत करत असावं, कारण सर्जेराव कधी चिडल्याचं कुणाला आठवत नाही. त्याने बायकोला दुकानात अर्धं टेबल दिलं. त्या टेबलावर, मोटारींच्या वासात, मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत ती घरं मांडायला शिकली.

चौकटीत नाव यायचं तर सर्टिफिकेट हवं, म्हणून शेवटी तिने परीक्षेचा फॉर्म भरला. सर्टिफिकेट देणारी संस्था बाहेरची. राहत्या घरातल्या असल्या यंत्रणांची मांडणी करणाऱ्यांची ती परीक्षा घेते. तीन टप्पे. आधी लेखी, मग कागदावरचा आराखडा, आणि शेवटी एक खरंखुरं घर. आराखडा स्वतः करायचा, घर त्याप्रमाणे चालू करायचं, आणि ते सलग तीस दिवस विनातक्रार चाललं पाहिजे. घरातली यंत्रणा स्वतःच सगळ्याची नोंद ठेवते. कुठला दिवा कधी लागला, कधी गेला, सगळं. त्या नोंदीत, बाहेरून वीज गेली ते सोडून, एक जरी बिघाड दिसला तरी तीस दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून. आणि तिन्ही टप्पे दोन वर्षांच्या आत. दोन वर्षं उलटली की पास झालेलंही सगळं रद्द, पुन्हा लेखीपासून सुरुवात.

लेखी पेपर इंग्रजीत होता. बेबीनंदाने अवघड शब्द चिठ्ठ्यांवर लिहून ओट्यामागच्या फरशीला चिकटवले आणि भाकरी थापता थापता पाठ केले. दहावीतली लेक प्रीती तिची तोंडी घ्यायची आणि चुकल्यावर जीभ चावून दाखवायची. आपल्या घरात यंदा दोन पोरी दहावीला आहेत, असं सर्जेराव गिऱ्हाइकांना सांगायचा. बेबीनंदा लेखीत पास झाली. वर्षभराने आराखड्यातही पास झाली. राहिलं होतं ते घर, आणि मुदत होती जानेवारीअखेरची.

घर मिळालं रामकिसन सरांचं. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, खेड्यात शेती, तिथलं घर भावाला द्यायचं ठरवून मंठ्याच्या कडेला यांनी नवं बांधलं होतं. सरांना कानाने कमी ऐकू येई. त्यांच्या पत्नी उषाबाई सत्तरीच्या पुढच्या, गुडघे दुखरे, बोलायला मोकळ्या. मुलगा माऊली पुण्याला. त्याला काळजी, की आईबाप दोघंच राहणार. घर हुशार करून द्या, असं त्यानेच फोनवर सांगितलं.

बेबीनंदाची एक पद्धत आहे. घरमालकाला काय हवंय ते ती विचारते, वहीत लिहूनही घेते, आणि मग घरातल्या बाईजवळ जाऊन बसते. कारण घरात हात बाईचाच फिरतो. उषाबाईंच्या खेड्यातल्या घरी ती दोन दिवस गेली. उषाबाईंनी तिला सगळं सांगितलं. दूध कुठे ठेवतात, किल्ल्या कुठे टांगतात, पहाटे उठल्यावर पहिलं पाऊल जमिनीवर टेकताना किती कळ येते, सरांना दारावरची कडी ऐकू येत नाही म्हणून पाहुणे कसे परत जातात. बेबीनंदाने सगळं टिपलं. दोन्ही दिवस पाच वाजता तिला मंठ्याची गाडी धरावी लागली.

आणि मग तिने जे घर मांडलं, ते तिच्या आजवरच्या सगळ्या घरांत देखणं होतं. पलंगावरून पाय खाली आला की जमिनीलगत मंद उजेड पसरायचा आणि न्हाणीपर्यंत पुढे पुढे सरकायचा. दारावर कुणी आलं की सरांच्या खुर्चीसमोरचा पिवळा दिवा लुकलुकायचा. टाकी भरली की मोटार गप्प. आणि संध्याकाळ. तारखेवरून सूर्य कधी मावळतो हे यंत्रणेला कळत होतं. तो मावळला की हॉलमधला मोठा दिवा आपसूक लागायचा, मागोमाग स्वयंपाकघर, व्हरांडा, फाटक. उषाबाईंना गुडघे घेऊन उठायला नको, म्हणून त्या हॉलच्या दिव्याला तिने भिंतीवर बटणच ठेवलं नव्हतं. या मांडणीचा तिला फार अभिमान होता.

दसऱ्याला वास्तुशांत झाली. सर आल्या-गेल्याला संध्याकाळी थांबवून घ्यायचे आणि मनगटावरचं घड्याळ दाखवायचे. दिवे लागले की स्वतःच लावल्यासारखे खूश व्हायचे. बेबीनंदाने मोजणी सुरू केली, आणि दुसऱ्याच दिवशी नोंदीत बिघाड दिसला. हॉलचा मुख्य दिवा, लागल्यावर थोड्या वेळाने वीज गेली, नऊ सेकंदांनी आली.

तिला आधी नवल वाटलं नाही. संध्याकाळी शेतांतल्या मोटारी सुरू होतात, दाब खालीवर होतो. पण तिसऱ्या दिवशी तेच. आठ सेकंद. चौथ्या दिवशी अकरा. तिने दिव्याची तार तपासली, दिवा चालू-बंद करणारा रिले बदलला, सांधे उघडून पुन्हा बांधले. मोजणी एकपासून. पुन्हा तेच. सर्जेरावने एका रविवारी येऊन सगळा बोर्ड उकलला आणि बोर्ड बिलकुल नीट असल्याचं सांगून पुन्हा बंद केला. नोव्हेंबर गेला. डिसेंबर निम्मा गेला. बेबीनंदा जेवताना घास हातात धरून बसायला लागली. तीस दिवस मोजायचे तर एक जानेवारीला सुरुवात व्हायलाच हवी होती, त्यानंतर वाटच नव्हती.

डिसेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी ती न कळवता गेली. सर त्यांच्या रोजच्या फेरीला बाहेर पडलेले. उषाबाई मागे कपडे काढत होत्या. बेबीनंदा व्हरांड्याच्या कडेला बसून राहिली. समोरच्या शेतात हरभरा होता, त्यावरचा उजेड हळूहळू विरघळत गेला, पाखरं एका झाडावर आली, गलका झाला आणि थांबला. त्या शांततेत हॉलमधला दिवा लागला. तिने खिडकीतून आत पाहिलं.

उषाबाई आल्या. हात धुतलेले, पदराला पुसत. त्या दिव्याकडे न बघताच बोळीतल्या बोर्डापाशी गेल्या, त्याचं झाकण उघडलं, बेबीनंदाने स्वतःच्या हाताने मराठीत चिठ्ठ्या लावलेल्या खटक्यांमधला ‘हॉल’चा खटका शोधला आणि खाली पाडला. हॉलमध्ये अंधार झाला. उषाबाईंनी पदर डोक्यावर घेतला. खटका वर केला. दिवा आला, तसे त्यांनी हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलले. मग झाकण लावून त्या कणीक घ्यायला आत वळल्या आणि दारात बेबीनंदा उभी दिसली.

चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. सरांना सांगू नकोस, असं त्या पहिलं बोलल्या. माऊलीने एवढं हौसेनं केलं, सर एवढे खूश, त्यात मी म्हातारी काय बोलू. बेबीनंदाने विचारलं, की दिवा तर लागलेलाच असतो, मग घालवता कशाला.

"त्याला हात कसे जोडू बाई?" उषाबाई म्हणाल्या. "मी लावला मंजे तो येतो. ह्यो तर मी बोलवायच्या आधीच येऊन बसल्याला असतो."

दोन महिने जो बिघाड ती तारांत शोधत होती, तो या बाईच्या जोडलेल्या हातांत होता. बेबीनंदाला हसू आलं आणि पाठोपाठ भीतीही वाटली. परीक्षेची सगळी गोष्ट तिने उषाबाईंना सांगितली.  आपल्यामुळे पोरीचं नुकसान झालं म्हणून त्यांनी गालावर मारून घेतलं. आणि म्हणाल्या, की आता महिनाभर मी त्या खटक्याला शिवत नाही. एका महिन्याने काय होतंय. तुझं जल्दी होऊन जाऊ दे.

बेबीनंदा हो म्हणाली. खरं सांगायचं तर ती फार पटकन हो म्हणाली.

जानेवारी लागला आणि नोंद स्वच्छ झाली. पाच दिवस, दहा दिवस, पंधरा दिवस. प्रीतीने दिनदर्शिकेवर हिरव्या पेनाने बरोबरच्या खुणा करायला सुरुवात केली. तपासायला येणाऱ्या साहेबांची तारीखही ठरली, एकतीस जानेवारी. सर्जेरावने एका जुन्या मोटारीच्या पाटीमागे बायकोचं नाव ठशांनी उमटवून बघितलं, चौकटीत कसं दिसेल म्हणून. सगळं छान चाललं होतं, फक्त बेबीनंदाची एक खोड बिघडली होती. तिला त्या घरात जाता येईना.

मनाने, म्हणजे. दुपारी दुकानात टेबलावर डोकं टेकलं की ती सवयीने त्या घरात शिरायची. पहाट नीट यायची. जमिनीलगतचा उजेड सरकायचा, उषाबाईंचं पाऊल पडायचं. दुपार यायची, सरांचा पिवळा दिवा लुकलुकायचा. पण संध्याकाळ झाली, हॉलमधला दिवा लागला, की घरात कुणीच नसायचं. दिवे एकामागून एक लागत जायचे आणि ती प्रत्येक खोलीत उषाबाईंना शोधत हिंडायची. ओट्यापाशी कणीक मळलेली, न्हाणीत पाणी ओतल्याचा ओलावा, वळणीवर लुगडं, आणि बाई नाही. ती दचकून उठायची. सर्जेराव तारेचा वेढा न मोडता विचारायचा, कुठं गेल्ती. ती सांगायची, की तिथंच.

तेविसाव्या दिवशी ती उठून तिथे गेली. सर घरी होते. उषाबाई हॉलमध्ये पलंगावर बसलेल्या, दोन्ही हात मांडीखाली घालून. सूर्य मावळला, दिवा लागला, स्वयंपाकघर, व्हरांडा, फाटक. सरांनी घड्याळ दाखवलं आणि एका मिनिटाचाही फरक नाही म्हणाले. उषाबाई भिंतीकडे बघत होत्या. सर फाटक लावायला गेले तेव्हा बेबीनंदा उषाबाईंच्या शेजारी जाऊन बसली. बरं चाललंय ना, असं काहीतरी तिने विचारलं.

"तसं बराबर हाये," उषाबाई म्हणाल्या. "दिवे लागतात, भाकरी टाकते, जेवणं होतात. पण सांज होतच न्हाई बग मला आजकाल. दिवस सरला असं कोणी सांगतच न्हाई."

त्यांनी तक्रार केली नव्हती. लगेच त्यांनी विषय बदलला, साहेब आले की त्यांना काय खायला करावं हे विचारलं. बेबीनंदा काहीतरी बोलून बाहेर पडली.

घरापर्यंतची वाट वीस मिनिटांची. ती चालत निघाली आणि कुठेतरी मधेच कुंभार पिंपळगावात पोचली. वस्तीतलं एका खोलीचं घर. आई दिवसभराच्या रोजंदारीवरून येऊन हातपाय धुते आहे. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. आई त्यांच्यापुढे मेणबत्ती लावते, काडी विझवते, आणि मग सगळे मांडी घालून वंदनेला बसतात. तोवर कुणी बोललेलं तिला चालत नसे. बल्ब आला तेव्हा त्या घरात बल्ब म्हणजे नुसता उजेड होता, अभ्यासाला आणि जेवायला. बल्बला कुणी हात जोडले नाहीत, म्हणून त्यालाही कुणी हात जोडत असेल हे बेबीनंदाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण ती मेणबत्ती. ती लावणारं यंत्र कुणी आईला आणून दिलं असतं तर? आईचे गुडघेही दुखत होतेच. आईने ते यंत्र उचलून बाहेर ठेवलं असतं. बेबीनंदा रस्त्याच्या कडेला थांबली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि आईची फार आठवण आली.

सर्जेरावला तिने जेवताना सांगितलं, की उद्या मी ते बदलून टाकणार. तो शहाणा माणूस. त्याने घाई केली नाही. सात दिवस राहिले आहेत, साहेब येऊन जाऊ देत, सर्टिफिकेट हातात येऊ दे आणि एक तारखेला बदल, एवढंच त्याने सुचवलं. आता हात लावला तर मांडणी बदलली म्हणून मोजणी तिथेच बाद, मुदत संपली, दोन वर्षं पाण्यात. यात चूक काय आहे, असं त्याने विचारलं. चूक काहीच नव्हती. प्रीती घास थांबवून आईकडे बघत होती.

"सात सांजा हायेत त्या," बेबीनंदा म्हणाली. "तिच्या हायेत. माझ्या असत्या तर दिल्या असत्या मी."

 सर्जेरावने ताटातली अर्धी भाकरी तिच्या ताटात घातली आणि सकाळी शिडी धरायला येतो म्हणाला.

सकाळी दोघं गेले. हॉलच्या दाराशेजारी, उषाबाई हात धुऊन मागून आत येतात तिथे, बेबीनंदा डोळे मिटून उभी राहिली. सर म्हणाले, काय झालं हो हिला. सर्जेरावने तोंडावर बोट ठेवलं. तिने हात वर केला, तो एका जागी थांबला, तिथे पेन्सिलीची खूण केली. तिथे एक साधं बटण बसवलं, खटकन वाजणारं. सूर्याचा हिशोब तिने फाटकाच्या दिव्यापुरता ठेवला. बाकी घर त्या बटणामागे लावलं. उषाबाईंनी हॉलचा दिवा लावला की मग स्वयंपाकघर, मग व्हरांडा, मग गच्चीचा जिना, एकेक करून त्यांच्या मागून येतील, आधी कुणी नाही. सरांना हे पटायला वेळ लागला. पाहुण्यांना काय दाखवायचं हा त्यांच्यापुढे प्रश्न होता.

दुपारी दुकानात बसून तिने संस्थेचा अर्ज उघडला. माघार घेण्यासाठी वेगळा फॉर्म होता, आणि त्यात कारणाचा रकाना होता. प्रीती टाइप करायला बसली. काय लिहू मम्मी, तब्येत बरी नव्हती असं लिहू का, म्हणजे पुढे वाईट दिसणार नाही. बेबीनंदाने नाही म्हटलं. तिने थांबत थांबत सांगितलं, की मांडणीत चूक माझी आहे. घरातल्या बाईचं एक काम मी तिला न विचारता काढून घेतलं. प्रीतीने ते इंग्रजीत केलं, पुन्हा वाचलं, आणि बटण दाबायच्या आधी आईच्या दंडाला डोकं टेकवून जरा वेळ तशीच बसली. अर्ज गेला. हिरव्या खुणांची दिनदर्शिका सर्जेरावने काढली नाही, तशीच राहू दिली.

संध्याकाळी ती पुन्हा गेली. नवं बटण नीट चालतं का बघायला, असं तिने स्वतःला सांगितलं होतं. हरभऱ्यावरचा उजेड विरला. घरात अंधार भरायला लागला, मऊ, वाट बघणारा. सर खुर्चीत चुळबुळ करत होते. उषाबाई हात धुऊन मागच्या दाराने आल्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, हात भिंतीवर नेला, आणि तो न चाचपता बरोबर बटणावर गेला. दिवा आला. त्यांनी हात जोडले. मिटल्या डोळ्यांनी त्या उभ्या असताना त्यांच्या पाठीमागे स्वयंपाकघर उजळलं, व्हरांडा उजळला, जिना उजळला. बेबीनंदाचे डोळे भरून आले. आठ वर्षांत तिने इतकं नेमकं काही मांडलं नव्हतं, आणि या कागदाच्या कोपऱ्यात पुन्हा जालन्याच्याच माणसाचं नाव येणार होतं.

उषाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. गुडघे चोळले. आणि ते तुझे साहेब एकतीसलाच येणार ना, असं विचारलं. बेबीनंदाने वाटेत एक बरंसं उत्तर तयार करून ठेवलं होतं, पण तोंडातून खरंच निघालं. साहेब आता येत नाहीत. ते सगळं रद्द झालं. पुन्हा पहिल्या पेपरापासून.

 उषाबाईंनी बटणाकडे बघितलं, मग हिच्याकडे. मग विचारलं, "किती दिवस लागतील?"

"दोन वर्षं तरी काकू."

"आन् मंग येईल का तो साहेब? हितंच?"

"हितंच येईल. मी हेच घर देणार हाये."

उषाबाईंनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मंग दोन वर्षं मला मरता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याच्या म्होरं दिवा मीच लावणार."